झोळीचं टोक

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं वरची वांगी फार छान मांडली असली की माझा हात आपोआप टोपलीच्या तळाशी जातो, आणि सून सकाळी सकाळी गोड बोलली की आज हिला माहेरी जायचं असेल असं मनात येतंच. काय करू, सगळा जन्म असाच गेला. हल्ली आमच्या दारात एक मुलगी येते, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणाऱ्या कुठल्याशा मंडळाची. दंडाला पट्टा गुंडाळते, गोळ्या घेतल्या का विचारते, पायाची सूज बोटानं दाबून बघते. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, की बाई, तुला यातून काय मिळतं? ती नुसती हसली. नुसतं हसल्यानं माझं समाधान होत नाही, हे तिला अजून कळायचं आहे. पण ती गेल्यावर मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. अशीच पिशवी खांद्याला लावून फार पूर्वी एक बाई आमच्या ओसरीत आली होती. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझ्या मांडीवर राधी होती, माझी पहिली.

माझं माहेर समुद्रपूरकडचं, कापसाचं. कापसाच्या घरात धावपळ वेचणीच्या दिवसांत, बाकी वर्षभर आभाळाकडं बघत बसायचं. सासर सेलूच्या बाहेर, भाजीचं, आणि भाजीच्या घरात रोजच लगीनघाई. उजाडायच्या आत मोटर सुरू व्हायची, पाटाचं पाणी वाफ्यात शिरताना बारीक आवाज करायचं, आणि सासूबाई ओल्या पोत्यावर बसून सांभाराच्या जुड्या बांधायला घ्यायच्या. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो, पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांची फजिती होते. घरात, अंथरुणात, माझ्या लुगड्याच्या पदराला तोच वास, मेथीचा, ओल्या मातीचा आणि सांभाराचा. हे, म्हणजे आमच्या घरचे, माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचे, कोबी जास्त निघाली तर जाम गावच्या चौकात रस्त्याकडेला बसायचे. आम्ही घरचे खायचो ते मात्र कोणी न घेतलेलं. डागाळलेली वांगी चुलीत भाजायची, फुटलेल्या भेदरांची म्हणजे टमाट्यांची चटणी करायची, ज्वारीची भाकर आणि वर कच्चं तेल. काय चव होती त्याला. बाळंतीण म्हणून माझे मेथीचे लाडू वेगळ्या डब्यात असत, आणि तो डबा सासूबाई रोज हलवून बघतात असा माझा संशय होता. तो पुढं खरा निघाला, पण त्या मी किती कमी खाते ते बघत होत्या.

ओसरीत बाजेवर मामाजी, म्हणजे माझे सासरे. सेलूच्या बाजारात उभी हयात तराजू धरून काढलेला माणूस. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच, भर बाजारात गिऱ्हाइकाला पालक तोलून देताना त्यांच्या डाव्या हातातून तराजू गळून पडला आणि मागोमाग ते स्वतः. लकवा. जीव वाचला, पाय थोडाफार चालायला लागला, पण बोलणं जड झालं आणि डावा हात मांडीवर पडून राहायला लागला. त्याआधी ते फार बोलके होते. बाजारातले लोक मापात कसं मारतात ते मला रंगवून रंगवून सांगायचे. कोण पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवतो, कोण करंगळी लावतो, कोण गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून काटा थांबायच्या आधीच माल पिशवीत ओततो. स्वतः ते असलं काही करत नव्हते, असं सगळं गाव म्हणायचं. मी नवी सून, मी आपलं ऐकून घेतलं.

तर कुंदाताई. वर्ध्याच्या एका मंडळाची बाई, सायकलवर यायची, चाळिशीची, गळ्यात साधी पोत. गावात घरोघरी फिरून म्हातारी माणसं आणि लहान लेकरांच्या आया बघायच्या हे तिचं काम. आमच्या घरी दोन्ही होतं, म्हणून ती पंधरा दिवसांतून एकदा यायचीच. मामाजींचा डावा हात चोळून द्यायची, बोटं एकेक करून उघडायची, मिटायची, त्यांना चिंधीचा गोळा दाबायला लावायची. मग राधीला बघायची. हे सगळं फुकट. आता तुम्हीच सांगा, फुकट कोणी कोणाचा हात चोळतं का? गावात तर्कांना ऊत आला होता. कोणी म्हणे, म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन जमीन लिहून घेतात. शेजारची शांताकाकू म्हणे, पोरीनंतर मूल बंद करायच्या ऑपरेशनला नेतात, तिला माणसामागं काहीतरी भेटते. माझा स्वतःचा संशय वेगळाच होता. ही बाई आमच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही, स्वतःची बाटली आणायची. आमच्या घरचं पाणी हिला चालत नाही, मग आमचं लेकरू हिला काऊन पाहिजे? एके दिवशी सासूबाईंनी आग्रह केला म्हणून तिनं वांग्याचं भरीत आणि भाकर खाल्ली, तर मला वाटलं, घ्या, आता ही पाय पसरणार.

पहिलं भांडण झालं ते वजनावरून. कुंदाताईच्या पिशवीत घड्याळासारखा गोल काटा होता, तो ओसरीच्या आडव्या लाकडाला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत लेकरू. सासूबाईंनी ते बघितलं आणि राधीला छातीशी धरून त्या आत निघून गेल्या. भाजीच्या घरात जे तोललं ते दुसऱ्याच्या घरी जातं, त्यासाठीच तर तोलायचं. जितं लेकरू कोणी काट्याला लावत नाही. देवापुढं गुळानं तुला करतात ती गोष्ट वेगळी, ते देवाला सांगून करतात. कुंदाताई ओसरीत थांबून राहिली, तिनं ना घाई केली ना आवाज चढवला. शेवटी यांनीच आईची समजूत काढली आणि राधी झोळीत गेली. ती भरायला पाहिजे त्याच्यापेक्षा बरीच कमी भरली. कुंदाताईनं वजनाच्या कार्डावर ठिपका दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वाढली नाई तं वर्ध्याले भरती करा लागन."

भरती. तो शब्द ऐकला मात्र, सासूबाई ताड्कन उठून चुलीशी गेल्या आणि तिथून, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणाल्या की दूध पातळ असलं की असंच होते. ते माझ्या काळजाला इतकं लागलं की आज इतक्या वर्षांनी लिहितानाही हात थांबला. मला वाटायचं मीच उपाशी मारते आहे माझ्या पोरीला. भाजीच्या घरात लेकरू वाळलं, असं बायका नळावर बोलायला लागल्या होत्या. मी रात्रंदिवस तिला छातीशी घेऊन बसायची, ती चार घोट घ्यायची आणि तोंड सोडून झोपून जायची.

राधी झोळीत पाय झाडायची, काटा हलत राहायचा, कुंदाताईला आकडा लागायचा नाही. म्हणून पुढच्या खेपेला तिनं एक युक्ती काढली. झोळी मामाजींच्या बाजेशेजारीच लोंबायची. ती म्हणाली, "आजोबा, खालचं टोक डाव्या हातानं धरजा. पोट्टी हलनार नाई अन् तुमच्या हातालेही काम." आपल्या युक्तीवर ती खूश झाली. मामाजींनी उजव्या हातानं डावा हात उचलून झोळीच्या टोकावर ठेवला. कुंदाताई उलट्या घमेल्यावर चढून वर काट्याकडं बघायला लागली. राधीचं वजन वाढलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला अजून वाढलं, आणि त्याच्याही पुढच्या. कुंदाताईनं कार्ड दाखवलं, ठिपके वर वर चढत चालले होते. सासूबाईंनी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. नळावरच्या बायका गप्प झाल्या. यांनी मला वर्ध्याहून बांगड्या आणल्या.

सगळे खूश, आणि मला मात्र झोप नाही. पोरगी माझ्या कडेवर असायची. लेकराचं ओझं आईच्या कमरेला कळतं, त्याला काटा लागत नाही. माझ्या कमरेला काही जड लागत नव्हतं. तिच्या मनगटातला काळा मणी आधी घट्ट होता, तो आता कोपरापर्यंत सरकायला लागला होता. मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला चांगलं झालेलंही बघवत नाही. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लावू नको स्वतःच्या लेकराले. मी मामाजींकडं बघितलं, त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. तेव्हा माझी पक्की खात्री पटली की ही बाई खोटं लिहिते. तिची नोकरी असेल लेकरं वाढवून दाखवायची. ठिपके वर गेले की वरच्या लोकांत तिचं नाव चांगलं, मग लेकरू इकडं वाळो नाहीतर मरो. हा विचार आला आणि डोकं भणभणलं. त्या दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती, पण तिचा मी वेगळाच अर्थ लावला. मामाजींच्या बाजेखाली सांभाराच्या चार-सहा जुड्या बांधून पडलेल्या असायच्या. जुडी बांधायला दोन हात लागतात. मला वाटलं शांताकाकू येऊन बांधून देते, आणि कामाच्या बदल्यात गुपचूप वांगी नेते.

बाजाराचा दिवस होता. हे आणि सासूबाई माल घेऊन गेले, मामाजींचा डोळा लागला होता. मी मागच्या खोलीत गेले, तिथं पोती तोलायचा मोठा तराजू टांगलेला असायचा, लाकडी पारड्यांचा. एका पारड्यात दुपट्यासकट राधीला ठेवलं. दुसऱ्या पारड्यात तसंच दुसरं दुपटं आणि त्यावर लोखंडी वजनं. जे या घरात कोणी कधी केलं नाही ते मी करत होते, आणि करताना देवाला म्हणत होते की बाबा, मी विकायला नाही तोलत, फक्त बघते आहे. कुंदाताईनं शेवटी लिहिलेलं वजन मी ठेवलं तर राधीचं पारडं वर अधांतरी. मी एकेक वजन काढत गेले. दांडी सरळ झाली तेव्हा पारड्यात उरलं होतं ते पहिल्या दिवसाचं वजन. इतक्या आठवड्यांत माझी पोर तसूभरही वाढली नव्हती.

मला तिला उचलायचंही सुचलं नाही. मी तिथंच खाली बसले आणि तेवढ्यात सासूबाई परत आल्या, सुतळी विसरली होती म्हणून. दारात उभ्या राहून त्यांनी पारड्यातली नात बघितली.

"काऊन वो, तोललं तू तिले? इकाले काढली का?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी निम्मं ऐकलंच नाही, मीठ-मिरच्या घेऊन राधीवरून उतरवायला धावल्या. ओसरीत मामाजी जागे होऊन बसले होते. आमचा एकेक शब्द त्यांना ऐकू गेला असणार.

कुंदाताईच्या पुढच्या खेपेला मी तयारीत होते. मुद्दाम शांताकाकूला आणि नळावरच्या दोघींना बोलावून ओसरीत बसवलं, आणि सायकल भिंतीला लागायच्या आत तोंडावर सांगितलं की तुमचं वजन खोटं आहे. तिला राग आला, आणि यायलाच पाहिजे होता. म्हणाली, "मले खोटं लिहून काय भेटते?" मी म्हटलं, "तेच तं मले समजून घ्याचं हाये." बायका पदराआड हसल्या. कुंदाताईनं आमचं दोन किलोचं लोखंडी वजन मागितलं आणि सगळ्यांसमोर आपल्या काट्याला टांगलं. काटा बरोबर दोनवर थांबला. दोन्ही काटे खरे होते. तीही गोंधळली, मीही. मग तिनं झोळी टांगली आणि राधीला त्यात ठेवलं. सगळ्यांचे डोळे वर काट्यावर. मी मात्र खाली जमिनीवर बसले, कारण मला काटा नव्हता बघायचा, ही बाई पायानं किंवा पदरानं काही करते का ते बघायचं होतं.

आणि मला दिसलं. झोळीच्या टोकावर मामाजींचा डावा हात होता. जो हात वरणाची वाटी धरू शकत नव्हता, ज्याच्यापायी सासूबाई भाकर कुस्करून देत होत्या, त्या हाताच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. कापड दोरीसारखं ताणलेलं होतं. कुंदाताई त्यांचा हात चोळून चोळून बरा करत होती, तो दर पंधरवड्याला थोडा बरा होत होता, आणि जेवढा बरा होत होता तेवढी माझी राधी कार्डावर वाढत होती. मला हे, आणि बाजेखालच्या जुड्यांचंही, एका क्षणात कळलं आणि तरी विश्वास बसेना. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. हात लोखंडासारखा होता.

"मामाजी, सोडा."

ते माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी भरलं होतं. जड जिभेनं, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "सोडला तं नेतीन तिले."

मी त्यांची बोटं एकेक करून उघडली, जशी कुंदाताई उघडायची तशी. शेवटचं बोट सुटलं आणि वर काटा मागं पळाला. घमेल्यावर उभी कुंदाताई काट्यावरून नजर काढून खाली त्यांच्या हाताकडं बघायला लागली.

त्यामागची हकीकत मग सासूबाईंनी सांगितली, तिथंच भिंतीला टेकून, सगळ्यांसमोर. यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तीही अशीच वाळत गेली. मामाजींनी तिला बसनं मोठ्या दवाखान्यात नेलं, भरती केली, आणि चार दिवसांनी एकटेच परत आले. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. मला तर ती होती हेच माहीत नव्हतं. मामाजींना वाटलं होतं, काटा चढता राहिला तर कोणी न्यायचं नाव काढणार नाही, आणि तोवर लेकरू आपल्या आपण बाळसं धरेल. जन्मभर ज्या माणसानं खोटं माप केलं नाही त्यानं केलं ते नातीसाठी. मी त्यांच्यावर रागावले का? रागावले. खूप रागावले. इतके आठवडे वाया गेले होते, ते माझ्या पोरीचे होते. आजही तो राग पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. आणि कुंदाताईवर संशय घेतला त्याचंही मला काही वाटत नाही. संशय घेतला म्हणून तर मी खाली बसले.

त्याच दुपारी आम्ही निघालो. कुंदाताईनं सायकल आमच्याच दारात सोडली आणि बसमध्ये माझ्याबरोबर बसली. मामाजी हट्टाला पेटले, मी येतो म्हणून. लकवा झाल्यापासून त्यांनी घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. यांनी आणि कुंदाताईनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसमध्ये चढवलं. सगळ्या रस्त्यात ते खिडकीबाहेर न बघता राधीकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं. मामाजींनी आणखी काही करू नये, हाच माझ्या डोक्यात विचार.

दवाखान्यात पोरीच्या लघवीत दोष निघाला. आतल्या आत ताप मुरलेला, त्यामुळं दूध ओढायची ताकदच नव्हती. डॉक्टरीण बाई म्हणाली, दुधात काही कमी नाही. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, सासूबाई भेटायला आल्या तेव्हा तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. सासूबाईंनी तिथंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. औषध सुरू झालं. वाटी-चमच्यानं माझंच दूध थोडं थोडं पाजायचं. मामाजी वॉर्डाच्या बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून असायचे. यांनी घरी चला म्हटलं की नाही म्हणून मान हलवायचे. आत यायचे नाहीत. कुंदाताई एकदा आली तेव्हा बाकावर त्यांच्याशेजारी बसून तिनं त्यांचा हात चोळून दिला, बाजारातल्या गोष्टी करत. तिनं त्यांना एक शब्द लावून बोललेला मी ऐकला नाही.

मग ती सकाळ आली. नर्सनं राधीचे कपडे काढून तिला टेबलावरच्या सपाट काट्यावर ठेवलं. आकडा मला दिसला, पण माझा स्वभाव. मी टेबलाच्या चारी बाजूंनी फिरून बघितलं, कापड कुठं लटकत नाही ना, नर्सची पिशवी कुठं टेकली नाही ना. तिला म्हटलं, उचल आणि पुन्हा ठेव. ती वैतागली, पण तिनं ठेवलं. आकडा तोच. राधी वाढली होती. थोडी, पण वाढली होती. मी वळले तर मामाजी दारात उभे. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले होते आणि पाय उंबऱ्याच्या बाहेर होते.

"पाह्य नीट," ते म्हणाले. "कोनी धरून तं नाई ना?"

मी पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं. खरंच बघितलं.

"नाई मामाजी. एकटीच हाये ती."

तेव्हा कुठं ते आत आले.